परक्या डोलकाठीवरून दिसलेले कालिकत

जर्मनीतील कोलोन शहरात १५७२ साली एक भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगातील नामांकित नगरांचा तो चित्रसंग्रह होता. गेऑर्ग ब्राउन हा ख्रिस्ती धर्मोपदेशक त्याचा संपादक, तर तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा कसबी कलावंत फ्रान्स होगेनबर्ग. पुढे १६१७ पर्यंत या ग्रंथाचे सहा खंड निघाले आणि त्यांत पाचशेहून अधिक नगरदृश्ये समाविष्ट झाली. पहिल्याच खंडात एका पानाचा वरचा भाग व्यापून मलबारच्या किनाऱ्यावरील कालिकतचे, म्हणजे आजच्या कोझिकोडचे, दृश्य कोरलेले आहे. समुद्रावरून पाहणाऱ्याला ही राजनगरी जशी दिसेल तशी ती दाखविली आहे. अग्रभागी पाणी, त्यावर नाना घडणीची गलबते, त्यांच्यामधून ये-जा करणाऱ्या लहान होड्या, जाळी टाकून बसलेले मच्छीमार; काठावर एका जहाजाची बांधणी चालू आहे; त्यामागे घरे आणि झाडी, आणि सर्वांत मागे उंचसखल, विरळ वस्तीचे डोंगर. तटबंदी कोठेही नाही. चित्राच्या शीर्षकात लॅटिन भाषेत या नगरीला ‘हिंदुस्थानातील सर्वांत ख्यातनाम व्यापारपेठ’ असे संबोधले आहे.

युरोपने दिलेले हे प्रशस्तिपत्र आज अनेकांना सुखावते. कालिकतच्या जुन्या वैभवाविषयी लेख लिहिताना हे चित्र हमखास छापले जाते, भिंतीवर चौकटीत लावले जाते. परंतु त्या चित्राकडे केवळ कौतुकाने पाहून भागत नाही. ते कोणी काढले, कोठे उभे राहून काढले आणि त्यात काय आले नाही, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्याचा अर्थ उलगडत नाही.

चित्रातील कीर्ती मात्र खोटी नव्हे. कालिकतच्या राजाला ‘सामूतिरी’ म्हणत. पोर्तुगीजांच्या जिभेने त्याचे ‘झामोरिन’ केले आणि दुर्दैवाने आपल्या पुस्तकांतूनही तेच रूढ झाले. त्याचे दुसरे बिरुद ‘कुन्नलक्कोनातिरी’, म्हणजे डोंगरांचा आणि लाटांचा स्वामी. होगेनबर्गच्या चित्रात मागे डोंगर आणि पुढे लाटा आहेत. राजाचे बिरुदच जणू कोरले गेले, कोरणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चौदाव्या शतकात इब्न बतूता येथे आला तेव्हा त्याला बंदरात तेरा चिनी जहाजे नांगरलेली दिसली. इराणच्या दरबारातून १४४२ च्या सुमारास आलेला अब्दुर रज्जाक तर या नगरीतील न्याय आणि सुरक्षितता पाहून चकित झाला. व्यापारी आपला माल उतरवून बिनघोर बाजारात ठेवून जात, राजाचे अधिकारी त्यावर पहारा ठेवीत. माल विकला गेला तर चाळिसावा हिस्सा जकात, न विकला गेला तर काहीच नाही. वाऱ्याने भरकटून आलेले जहाज इतरत्र लुटले जाई. येथे त्याला अन्य जहाजांसारखीच वागणूक मिळे. एका अरब व्यापाऱ्याने लोणच्याच्या बरण्यांत सोने लपवून अनेक राजांकडे ठेव म्हणून ठेवले आणि एकट्या सामूतिरीनेच ते जसेच्या तसे परत केले, अशी दंतकथा मलबारात आहे. दंतकथा असो, पण राजाची कीर्ती सांगताना समाजाने त्याच्या तलवारीची नव्हे, सचोटीची कथा जपली, हे त्या समाजाचे शील आहे. हिंदू राजा, त्याच्या आश्रयाला अरब, चिनी, गुजराती, यहुदी, कोणाच्याही उपासनेला आडकाठी नाही. सर्वधर्मसमभावाचे पाठ या देशाला बाहेरून शिकावे लागले, असे मानणाऱ्यांनी कालिकतचा जकातनाका एकदा डोळ्यांखालून घालावा.

आता चित्रकाराच्या जागेकडे वळू. ब्राउन किंवा होगेनबर्ग हिंदुस्थानात कधीही आले नाहीत. दर्यावर्दींनी नेलेल्या माहितीवर त्यांचे काम चाले. म्हणजे या चित्रामागचा डोळा जहाजावरच्या माणसाचा आहे. तो जहाजावर उभा आहे, किनारा त्याच्यासमोर उघडा पडला आहे, आणि घरे, होड्या, बांधणीतले जहाज, सर्व काही त्याच्या नजरेच्या टप्प्यात आहे. नजरेच्या टप्प्यात, आणि तोफेच्याही. हा आरोप कोणी हिंदुत्ववादी आज मागाहून लावत नाही. खुद्द ब्राउनने आपल्या प्रस्तावनेत एक मजेशीर खुलासा केला आहे. नगरदृश्यांच्या अग्रभागी माणसांच्या आकृती मुद्दाम काढल्या आहेत, कारण तुर्कांच्या धर्मात मानवी आकृती निषिद्ध असल्याने ते ही चित्रे युद्धासाठी वापरणार नाहीत! तुर्क इतके भोळे होते की काय, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण नगराचे चित्र शत्रूच्या हाती पडले तर ते शस्त्रासारखे वापरता येते, हे त्या काळच्या युरोपला पुरते ठाऊक होते, एवढे त्यातून स्वच्छ दिसते. स्वतःच्या नगरांविषयी ही काळजी. दुसऱ्याच्या नगरांविषयी तीच माहिती म्हणजे भांडवल.

आणि माहिती तरी कसली? २० मे १४९८ रोजी वास्को द गामाची जहाजे कालिकतजवळ कप्पाडच्या किनाऱ्याला लागली. पूर्व आफ्रिकेच्या मालिंदीपासून पुढची वाट दाखवायला त्याला या महासागराचा जाणकार वाटाड्या घ्यावा लागला होता. शहरात शिरल्यावर त्याच्या लोकांना एक मंदिर दाखविण्यात आले. त्यांनी ते ख्रिस्ती देवालय समजून तेथे गुडघे टेकले आणि देवीची मूर्ती मेरीची मानली. त्यांच्याच रोजनिशीत हे नमूद आहे. राजाला त्याने जो नजराणा देऊ केला त्यात कापडाचे काही तुकडे, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध एवढाच ऐवज होता. तो पाहून राजाचे अधिकारी हसले. मक्केहून येणारा अगदी सामान्य व्यापारीही याहून अधिक देतो, असे त्यांनी सुनावले. ज्याला मंदिर आणि चर्च यांतला भेद कळला नाही, त्याने भारताचा ‘शोध’ लावला, असे मात्र आपल्या कित्येक पिढ्या पाठ करीत आल्या.

हसणारे ते अधिकारी एका बाबतीत चुकले. त्यांनी नजराणा पाहिला, तोफा पाहिल्या नाहीत. १५०० च्या डिसेंबरात काब्रालने या बिनतटबंदीच्या शहरावर समुद्रातून तोफा डागल्या. १५०२ मध्ये गामा पुन्हा आला. मक्केच्या यात्रेहून परतणारे ‘मेरी’ नावाचे जहाज त्याने आतल्या स्त्री-पुरुष-बालकांसह जाळले. मग कालिकतसमोर येऊन त्याने मागणी केली, की राज्यातील सर्व मुसलमान व्यापाऱ्यांना हाकलून द्या. सामूतिरीने ती फेटाळली. त्यावर गामाने किनाऱ्यासमोर पकडलेल्या मच्छीमारांना जहाजांच्या डोलकाठ्यांवर फाशी दिले, त्यांचे हात-पाय तोडले आणि ते अवयव एका होडीतून शहराकडे सोडून दिले. होगेनबर्गच्या चित्रातील जाळी टाकणारे ते शांत मच्छीमार या पार्श्वभूमीवर पुन्हा एकदा पाहावेत. त्यांच्याच आज्या-पणज्यांच्या डोळ्यांसमोर हे घडले होते. कोरणाऱ्याच्या सुईला त्याची वार्ता नाही.

या पानावरची आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कालिकतच्या दृश्याखाली तीन लहान नगरदृश्ये आहेत: इराणच्या आखातातील होर्मुझ, मलबारातीलच कन्नूर, आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील साओ जॉर्ज द मिना. १५७२ मध्ये या तिन्ही ठिकाणी पोर्तुगीजांचे किल्ले उभे होते. मिनाचा १४८२ पासून, कन्नूरचा १५०५ पासून. होर्मुझ १५१५ मध्ये पुरते त्यांच्या हाती गेलेले. त्याच खंडात गोवा आणि दीवही आहेत, तीही त्यांचीच. त्या पानावर पोर्तुगीजांचा किल्ला नसलेले नगर एकच, कालिकत. हा योगायोग नव्हता. जानेवारी १५१० मध्ये अल्बुकर्क आणि कुतिन्यो यांनी शहरावर चढाई करून राजवाडा लुटला आणि आग लावली, तेव्हा सामूतिरीच्या नायर सैनिकांनी परतीच्या वाटेवर त्यांना गाठले. कुतिन्यो ठार झाला, अल्बुकर्क जखमी होऊन जहाजावर नेला गेला. कालिकत जमले नाही म्हटल्यावर त्याच वर्षी त्याने गोवा घेतला. कोकणाच्या कपाळी पुढची साडेचारशे वर्षे जे भोग आले, त्याची एक सुरुवात अशी कालिकतच्या किनाऱ्यावर आहे. १५१३ च्या तहाने पोर्तुगीजांना कालिकतात किल्ला बांधायला जागा मिळाली खरी, परंतु १५२५ मध्ये तो सोडून त्यांना जावे लागले. मग १५३१ मध्ये त्यांनी शहराच्या दक्षिणेला चालियम येथे, सामूतिरीच्या गळ्याशी पिस्तूल रोखावे तसा, दुसरा किल्ला उभारला.

१५७० मध्ये आदिलशहाने गोव्याला, निजामशहाने कोकणातील चौलला आणि सामूतिरीने चालियमला एकाच वेळी वेढा घालण्याचा बेत झाला. दोन्ही शाह्यांच्या प्रचंड फौजा हात हलवीत परतल्या. एकट्या सामूतिरीने १५७१ मध्ये चालियमचा किल्ला घेतला आणि त्याचा दगडन् दगड उखडून टाकला. कोलोनमध्ये होगेनबर्गचा ग्रंथ छापखान्यातून बाहेर पडला तो पुढच्याच वर्षी. युरोपच्या वाचकाने कालिकतची घरे पाहिली, गलबते पाहिली, पण आदल्याच वर्षी या राजाने पोर्तुगालचा एक दुर्ग जमीनदोस्त केला आहे, हे त्याला त्या पानावरून कळणार नव्हते. युरोपच्या वाचकाचे सोडा. भारतातील किती विद्यार्थ्यांना १४९८ पाठ आहे, आणि किती जणांना १५७१?

हा विजय काठावरच्या माणसांनी नोंदवून ठेवला आहे. कालिकतचे काझी मुहम्मद यांनी चालियमच्या विजयावर ‘फतहुल मुबीन’ हे अरबी काव्य रचले आणि त्यात आपल्या हिंदू राजाची मुक्तकंठाने स्तुती केली. सामूतिरीच्या आरमाराचे धुरीण असलेले कुंजाली मरक्कार हेही मुसलमान होते. तीन पिढ्यांहून अधिक काळ त्यांनी चपळ नौकांच्या ताफ्यांनी पोर्तुगीजांना मलबारच्या पाण्यात सुखाने राहू दिले नाही. भूमीच्या रक्षणाची वेळ आली तेव्हा उपासनापद्धती आड आली नाही. राजाचीही नाही, सेनानीचीही नाही. मतपेढीच्या हिशेबाने जी ‘सौहार्दा’ची व्याख्याने दिली जातात, त्यांत हे उदाहरण क्वचित येते. कारण त्यात एकत्र येण्याचे कारण राष्ट्र आहे आणि समोरचा शत्रू परकीय आहे.

मात्र गौरवगाथा सांगताना तिचा शेवट गाळणे हा अप्रामाणिकपणा होईल. चौथा कुंजाली आणि सामूतिरी यांचे बिनसले. कुंजाली स्वतःला सागराचा स्वामी म्हणवू लागला, राजाचा अहंकार दुखावला, आणि ज्यांच्याशी शंभर वर्षे झुंज घेतली त्याच पोर्तुगीजांना बरोबर घेऊन सामूतिरीने आपल्याच आरमारप्रमुखाच्या किल्ल्याला वेढा घातला. प्राणांचे अभय मिळेल या वचनावर मार्च १६०० मध्ये कुंजाली राजाला शरण आला. पोर्तुगीजांनी त्याला तेथेच झडप घालून पकडले, गोव्याला नेले आणि त्याचा शिरच्छेद केला. देहाचे तुकडे करून पणजी व बारदेशच्या किनाऱ्यांवर टांगले. शिर मिठात घालून कन्नूरला पाठविले. परक्या तोफांना शंभर वर्षांत जे साधले नाही ते घरच्या वैराने एका मोसमात साधून दिले. लोणच्याच्या बरण्या प्रामाणिकपणे परत करणाऱ्या गादीला आपल्या सेनानीला दिलेले वचन पाळता आले नाही, हे लिहिताना लेखणी जड होते. पण लिहिलेच पाहिजे.

त्याहून खोलवरचे एक कारण आहे आणि ते हिंदू समाजाने स्वतःकडे पाहून तपासायचे आहे. कालिकतचे वैभव समुद्रावर उभे होते, पण समाजातील प्रतिष्ठित वर्ग समुद्राला पाय लावीत नव्हता. सामूतिरीचे शूर नायर जमिनीवर अजिंक्य ठरले. पाण्यावरची लढाई मात्र जवळजवळ संपूर्णपणे मरक्कारांवर सोपविलेली होती. त्यामुळे एक घराणे दुरावले आणि राजाचे आरमारच गेले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायातील ज्या सात स्वदेशी बेड्या सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी होती, ती काही कल्पनेने नव्हे. ज्याला आपला समुद्र अपवित्र वाटतो, त्याच्या समुद्रावर दुसरा कोणी तरी गलबत घेऊन येतो आणि तेथून त्याचे चित्र काढतो.

महाराष्ट्रात ही बेडी एका राजाने तोडली. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधायला घेतली, १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६६५ मध्ये स्वतः आरमारासह बसरूरची मोहीम केली. शिवशाहीत घडलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांना किनाऱ्यावर किल्ल्यासाठी जागा देऊ नये, असा इशाराही त्यात आहे. १५१३ च्या तहातील चूक या इशाऱ्यातून नेमकी टळते. कालिकतने किंमत मोजून जे शिकायचे ते रायगडाच्या राजनीतीने आधीच शिकून घेतले होते. कान्होजी आंग्रे हे त्याचे फळ.

‘जुन्या गोष्टी उकरून काय मिळवायचे’, असे विचारणारा एक वर्ग आहे. १९९८ मध्ये गामाच्या आगमनाला पाचशे वर्षे झाली तेव्हा त्याचा सोहळा करावा की निषेध, यावर बराच वाद झाला, तेव्हाही हा प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर गोव्याच्या रेल्वे वेळापत्रकात आहे. मुरगावच्या टोकाला असलेल्या शहराचे आणि स्थानकाचे नाव आजही वास्को-द-गामा आहे. गोव्यात आप्तांकडे जाणारा मराठी माणूस सहज ‘वास्कोला जातो’ म्हणतो. कप्पाडच्या किनाऱ्यावर गामा येथे उतरला असे सांगणारा दगड आहे. ज्याने मच्छीमारांचे हात तोडले त्याचे नाव ओठांवर, आणि ज्याचे तुकडे पणजीला टांगले गेले त्याचे नाव? ते भारतीय नौदलाने राखले. मुंबईत कुलाब्याला नौदलाचा ‘आयएनएस कुंजाली’ हा तळ आहे आणि मुंबईतच ‘आयएनएस आंग्रे’ही आहे. २००० साली कुंजालींच्या युद्धनौकेचे टपाल तिकीट निघाले. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावरून इंग्रजी राजवटीचा क्रॉस उतरला आणि शिवमुद्रेच्या अष्टकोनाची आठवण देणारे चिन्ह आले. नौदलाला जे उमगले ते शाळेच्या फळ्यापर्यंत अद्याप पोहोचायचे आहे.

होगेनबर्गचे चित्र झाकून ठेवा, असे कोणीही म्हणणार नाही. उलट ते अधिक ठिकाणी दिसले पाहिजे. सामूतिरीचा राजवाडा आज पाहायला मिळत नाही. १७६६ मध्ये हैदरअलीच्या स्वारीच्या वेळी राजाने वाड्याला आग लावून त्यातच देह ठेवला. भर शहरातील मानांचिरा तलाव तेवढा त्या वाड्याची खूण म्हणून उरला आहे. ज्या नगरीचे दगडही शिल्लक नाहीत तिचे साडेचारशे वर्षांपूर्वीचे रूप एका कागदावर मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ते छापावे आणि त्याखाली दोन ओळी द्याव्यात: हे चित्र समुद्राकडून पाहिलेले आहे, आणि ते छापले गेले त्याच्या आदल्या वर्षी या नगरीच्या राजाने चालियमचा किल्ला पाडला. दहा वर्षांच्या मुलालाही त्यातून जे कळायचे ते कळेल. ज्या शिक्षक कार्यकर्त्यांच्या हाती वर्ग आहे, त्यांनी पाठ्यपुस्तक मंडळाची वाट पाहण्याचेही कारण नाही. एक झेरॉक्स पुरेशी आहे.

आणि आपल्याकडे जहाजाचे चित्र कोणी काढलेच नाही, असेही नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाचव्या शतकातील एक शिडाचे जहाज रंगविलेले आहे. ते कोणा परक्याने दुरून पाहिलेले नाही. ज्यांच्या देशातून अशी जहाजे निघत होती त्यांनी ते डोंगराच्या पोटात, समुद्रापासून कित्येक कोस दूर, आठवणीतून काढले. त्या चित्रावरून, कोणताही जुना आराखडा हाती नसताना, लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून एक जहाज गोव्यात बांधण्यात आले. शिवणारे हात केरळच्या कारागिरांचे होते. होगेनबर्गच्या चित्रात काठावर जहाज बांधणारे जे आहेत त्यांच्याच किनाऱ्यावरचे. मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने त्याने शिडे उभारली.